तिरुवान्मियूरची वाळू

रघुरामरावांनी प्लास्टिकच्या पिशवीतली वाळू सरळ जेवणाच्या ताटात ओतली, बोटाने पसरली आणि ताट नाकाजवळ नेऊन हुंगली.

"अहो, तें माझें ताट!" स्वयंपाकघराच्या दारातून कनकाबाई ओरडल्या.

"ताट धुतां येतें," रघुरामराव म्हणाले. "हिने जें करून ठेवलें आहे तें धुतां येत नाहीं."

ही म्हणजे रुचा. समोरच्या खुर्चीच्या अगदी टोकावर, मांडीवर वही घेऊन ती बसली होती. वेस्ट मांबलममधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यायची तिची ही चौथी खेप. पहिल्यांदा आली तेव्हा रघुरामराव खूश झाले होते. साताऱ्याकडची मुलगी, मातीवर पीएच.डी. करते, मराठी बोलते. तंजावरच्या मराठी माणसाला चेन्नईत असं कोणी भेटलं की तो आनंद दोन दिवस पुरतो. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. तिसऱ्या खेपेला समजावता समजावता त्यांचा आवाज तळमजल्यावरच्या शिंप्यापर्यंत गेला. आज शांत राहायचं असं त्यांनी सकाळी देवापुढे ठरवलं होतं, आणि पाच मिनिटांत ताट हातात आलं होतं.

भांडण एका आकड्याचं होतं. शेतात मारलेलं औषध पाण्याबरोबर जमिनीत खाली खाली उतरतं. किती उतरायचं ते माती ठरवते. काही माती औषधाला धरून ठेवते, काही हातोहात पुढे पाठवते. माती किती घट्ट धरते याचा एक आकडा काढता येतो, त्याला प्रयोगशाळेत सगळे नुसतं 'केडी' म्हणतात. एकोणीसशे एक्क्याण्णव साली, भुईमुगावर मारायच्या एका औषधासाठी, रघुरामरावांनी पाच प्रकारच्या मातीचा केडी काढला होता. त्यातला समुद्रकाठच्या वाळूचा आकडा होता दोन पॉइंट एक. रुचाला तो सहा वेळा करूनही पॉइंट चारच्या पुढे मिळत नव्हता.

"पाचपट!" रघुरामराव म्हणाले. "दहा टक्के फरक असता तर मी गप्प बसलों असतों. वीस असता तरी बसलों असतों. पाचपट म्हणजे फरक नव्हे. सांग, किती तास हलवलेंस?"

"चोवीस तास, सर."

"बाटली?"

"काचेची. प्लास्टिक औषध ओढून घेतं, तुम्हीच सांगितलं होतं."

"चाळण?"

"दोन मिलिमीटर."

"वाळू न घालतां नुसतें औषधाचें पाणी ठेवलेंस? बाटलीच खात असेल तर?"

"ठेवलं, सर. तीन बाटल्या. काही कमी झालं नाही."

बरोबर उत्तरं देणाऱ्या माणसावर चिडत राहणं फार अवघड असतं, पण रघुरामरावांना ते जमत होतं. त्यांनी ताटातली वाळू चिमटीत घेतली आणि सोडली.

"काळी माती कद्रू असते," ते म्हणाले. "घेतलें कीं सोडत नाहीं. वाळू उधळी. तें मजला कोणी शिकवायला नको. पण उधळ्या माणसाच्या खिशांतही थोडें उरतें. दोन पॉइंट एक, एवढें उरतें. तुझी वाळू तर भिकेला लागली आहे."

"तिला कॉफी तर पिऊं द्या," कनकाबाईंनी रुचापुढे टंबलर ठेवला. "पोर उन्हांतून आली आहे. तुमची वाळू कोठे पळून जात नाहीं."

"पळून जाते, हेंच तर ही सांगते आहे!"

रुचाला हसू आलं आणि तिने ते कॉफीत बुडवलं. खरं म्हणजे तिला हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. नवरा उन्मेष श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात, म्हणून ती चेन्नईत आली आणि इथे तिने नाव नोंदवलं. नोंदणीची मुदत या महिनाअखेर संपत होती. बारा दिवस राहिले होते. तिचे मार्गदर्शक डॉ. वेंकटरमण हे एके काळी रघुरामरावांचेच विद्यार्थी. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की राव सरांचा आकडा चौतीस वर्षं सगळे वापरताहेत, तेव्हा चूक तुझी आहे. तुझा आकडा जुळल्याशिवाय मी प्रबंधावर सही करणार नाही. सही नाही तर पाच वर्षं पाण्यात.

"सर," ती टंबलर खाली ठेवत म्हणाली, "माझी चूक असेल तर मला आनंदच होईल. पण नसेल तर? शेतकऱ्यांना औषधाबरोबर देतात त्या पत्रकात लिहिलंय, वाळूच्या जमिनीत विहिरीपासून वीस फूट सोडून औषध मारावं. ते वीस फूट तुमच्या दोन पॉइंट एकवरून काढलेत. किनाऱ्याच्या गावांत विहिरीचं पाणी दहा-बारा फुटांवर आहे. माझा आकडा धरला तर वीस काय, शंभर फूटही पुरत नाहीत."

पत्रक रघुरामरावांच्या कपाटात होतं. एकच नव्हे, त्याच्या सगळ्या आवृत्त्या होत्या. तळाला बारीक अक्षरांत 'राव, १९९१' असं छापलेलं असायचं. नोकरीत त्यांना बढती वेळेवर मिळाली नाही, परदेशी जायची संधी दुसऱ्याने नेली, निवृत्तीच्या दिवशी साहेब त्यांचं नाव चुकीचं बोलले. पण ती बारीक अक्षरं दर आवृत्तीत जिथल्या तिथे राहिली होती. त्या अक्षरांवर त्यांचा जीव होता, आणि हे त्यांनी कधी लपवलंही नव्हतं.

"मी येतों," ते एकदम म्हणाले. "उद्यां. तुझ्या प्रयोगशाळेत. माझ्या हाताने करतों, मग पाहूं कोण भिकेला लागतें."

"या वयांत?" कनकाबाई म्हणाल्या.

"हात माझे आहेत, वय माझें आहे. तुला काय?"

दुसऱ्या दिवशी ऑटो टी. नगरमध्ये अडकली. तमिळ आडी महिन्याच्या सेलला सगळं शहर लोटलं होतं. साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायका ऑटोच्या पुढून, मागून आणि रघुरामरावांना वाटलं की मधूनही जात होत्या. ते ड्रायव्हरवर चिडले, सिग्नलवर चिडले, आणि रुचा काहीच बोलत नाही म्हणून रुचावरही चिडले. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत साडेअकरा वाजले होते.

पण तराजूपुढे उभं राहिल्यावर त्यांचा आवाज खाली आला. दहा ग्रॅम वाळू त्यांनी अशी तोलली की काट्याने वर-खाली करण्याचे कष्टही घेतले नाहीत. बाटल्यांवर स्वतःच्या अक्षरात आकडे घातले. औषधाचं पाणी मोजून ओतलं, झाकणं स्वतः पिळली. एक थेंबही सांडला नाही. कोपऱ्यात तीन-चार विद्यार्थी येऊन उभे राहिले होते. ज्याचं नाव पुस्तकात वाचलं तो माणूस पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरसावून बाटल्या हलवायच्या यंत्रात अडकवतोय, हे त्यांना बघायचं होतं. रघुरामरावांना ते आवडलं. चोवीस तासांनी येतो, असं ते यंत्राकडे बघून म्हणाले आणि घरी गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा आला. पॉइंट चार दोन.

"पुन्हां," रघुरामराव म्हणाले.

चौथ्या दिवशीही तेवढाच आला.

"तुमचें हें यंत्र खोटें बोलतें आहे. आमच्या वेळीं एवढी यंत्रें नव्हती म्हणून खोटींही कमी होती."

रुचाने दुसरा कागद पुढे सरकवला. तिने त्याच यंत्रात बाकीच्या चार मातीही लावल्या होत्या. कोविलपट्टीची काळी माती: त्यांचा आकडा अकरा पॉइंट पाच, तिचा अकरा पॉइंट तीन. चेंगलपट्टूची तांबडी, जवळजवळ तोच. तंजावरच्या खोऱ्यातली गाळाची, तोच. डोंगरावरची, तोच. रघुरामराव कागद खालून वर आणि वरून खाली वाचत राहिले. यंत्र बरोबर होतं. मुलीचा हात बरोबर होता. त्यांचा स्वतःचा हातही चौतीस वर्षांपूर्वी बरोबर होता. एकटी वाळू तेवढी आडवी आली होती.

"सर, एक विचारू?" रुचाने त्यांच्या जुन्या लेखाची झेरॉक्स काढली. "मातीतला सेंद्रिय कार्बन औषधाला धरतो. तुमच्या लेखात चार मातींचा कार्बन आकड्यात दिलाय. वाळूपुढे आकडा नाही. तिथे फक्त 'नगण्य' असं लिहिलंय."

"वाळूंत काय मोजायचें? समुद्राची वाळू. तींत काय असणार, शंख?"

"मी मोजला. पॉइंट एक दोन टक्के."

"मग! नगण्यच."

"हो, सर. पण ती माझी वाळू. तुमची मोजली नव्हती का?"

रघुरामराव उठले. खुर्ची मागे जोरात सरकली. आपल्याला भूक लागली आहे, घरी जेवण वाट बघतंय आणि रिकाम्या पोटी शहाण्या मुलींशी वाद घालू नये असं डॉक्टरांनी सांगितलंय, असं त्यांनी जाहीर केलं. मग दारापाशी थांबून म्हणाले, "तूही चल. जेवूनच जा."

कनकाबाईंनी पानं वाढली तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि उशीर झाल्याचा राग आमटीच्या डावातून आवाज करत होता. रघुरामराव खाली मान घालून जेवत होते. वांग्याच्या भाजीला मीठ कमी आहे, हे त्यांनी सांगितलं नाही, यावरूनच कनकाबाईंनी ओळखलं की काहीतरी बिनसलं आहे.

"सर," रुचाने थोड्या वेळाने विचारलं, "वाळू तुम्ही नेमकी कुठून घेतली होती? लेखात 'तिरुवान्मियूर' एवढंच आहे. मी किनाऱ्यावर तीन ठिकाणी खणून आणली."

हा प्रश्न रघुरामरावांना आवडला. निदान यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

"ऐक. तंजावरची माती मी स्वतः खणली. गोणींत भरून रेल्वेने एग्मोरला आणली. हमाल विचारूं लागला, ह्यांत सोनें आहे काय? कोविलपट्टीची बसने आणली, बसच्या टपावर. डोंगरावरची आणतांना तीन दिवस ताप आला. अशी एकेक माती. वाळूला मात्र कोठे जायचें? तेव्हां आमचें घर तिरुवान्मियूरला. किनारा अर्ध्या फर्लांगावर. दार उघडलें कीं वाळूच वाळू. फावडें घेतलें, दारापुढे खणलें, झालें."

"दारापुढे? म्हणजे किनाऱ्यावर नाही?"

"वाळू तीच गं. समुद्राला काय माहीत घर कोणाचें?"

कनकाबाई भात वाढत होत्या. त्यांचा हात मध्येच थांबला.

"कोणती वाळू? मार्गळींत खणलीत ती?"

"असेल मार्गळी. थंडी होती एवढें आठवतें."

"असेल?" कनकाबाईंनी भाताचं पातेलं टेबलावर आपटलं आणि रुचाकडे वळल्या. "ऐक तूं. मार्गळीचा महिना, शुक्रवार. चार वाजतां उठून मी वासलांत एकवीस ठिपक्यांचा कोलम घातलेला. गल्लींतल्या बायका बघायला आलेल्या. सात वाजतां बाहेर येऊन बघतें तर मधोमध हाताएवढा खड्डा! आणि हे फावडें घेऊन उभे. विचारलें, काय करतांय? तर म्हणाले, सायन्स."

मार्गळी म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमाराचा थंडीचा महिना, वासल म्हणजे दारापुढची जागा आणि कोलम म्हणजे तिथली रांगोळी, हे चेन्नईत राहून रुचाला माहीत झालं होतं.

"तें आतां कशाला काढतेस?" रघुरामराव म्हणाले.

"कां काढूं नको? चौतीस वर्षांत शंभरदां सांगितलें असेल. एकदां तरी कानांत घेतलेंत?"

रुचाचा घास हातातच होता. तिने तो हळूच पानात ठेवला.

"मामी," ती म्हणाली, "वाळूवर रांगोळी राहते?"

"वाळूवर कशी राहील? पाय ठेवला कीं सरकते ती." एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या मुलीला विचारावी लागते, याचं कनकाबाईंना नवल वाटलं. "आम्ही त्या घरीं गेलों तेव्हां दारांत नुसती वाळू. ठिपका टाकला कीं बुडायचा. समोरच्या घरीं गाय होती. रोज पहाटे साणी पाण्यांत कालवून शिंपडायची."

"शेणाचा सडा," रुचा म्हणाली. "माझी आजी घालायची."

"तोच. पहिलें वर्ष त्या वाळूने सगळें पिऊन टाकलें, काही दिसेना. सासूबाई हसायच्या. दुसऱ्या वर्षी जरा धरूं लागली. अकरा वर्षें मी रोज घातलें, पावसाचे दिवस सोडून. काळी झाली होती ती, अशी घट्ट. पोरें पडलीं कीं गुडघा फुटायचा. वाळू कुठली ती? ती मी जमीन केली होती."

पंख्याचा आवाज होता, खाली शिंप्याचं मशीन चालत होतं. रघुरामराव पानातल्या भाताकडे बघत होते. पॉइंट एक दोन टक्के कार्बनला केडी पॉइंट चार दोन, तर शेण पिऊन कार्बन पाचपट, म्हणजे पॉइंट सहा टक्के झाला तर केडी किती येतो, हा हिशेब दहावीच्या मुलालाही तोंडी येईल. दोन पॉइंट एक येतो. त्यांना तो दोनदा करावा लागला नाही.

त्यांनी डाव्या हाताने फोन उचलला, वेंकटरमणांना लावला आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. आधी त्यांना सांगताच येईना. मग एका दमात सगळं सांगून टाकलं: दार, वासल, साणी, अकरा वर्षं.

"सर," वेंकटरमण तमिळमध्ये म्हणाले, "हे वाढवू नका. तिला वाळू गाळून टाकायला सांगा. चार मातींवर प्रबंध होतो. उद्या येऊ दे, मी सही करतो."

रुचाचा श्वास सुटल्याचं टेबलावर सगळ्यांना ऐकू आलं. पाच वर्षं एका वाक्यात सुटली होती. आपल्याला किती हलकं वाटलं हे लक्षात आल्यावर तिला लाज वाटली आणि तिने नजर खाली वळवली. रघुरामरावांनी ते पाहिलं. त्या क्षणी त्यांना मुलीचा राग आला नाही. त्यांनाही तसंच हलकं वाटलं होतं. बारीक अक्षरं जिथल्या तिथे राहिली असती. कोणाला कळणार होतं?

"आणि पत्रक?" त्यांनी फोनला विचारलं.

"पत्रकाचं काय, सर?"

"वीस फूट. तीं माझ्या दारांतलीं वीस फूट आहेत. किनाऱ्याच्या शेतांत कोण रोज साणी शिंपडतें? अरे, आकडा खरा आहे, पण आठ फूट बाय सहा फुटांपुरता! मी सांगतों आहे, माझाच आकडा, मीच सांगतों आहे कीं चुकला."

"पुरावा काय आहे, सर? ती जागा आहे?"

"घर पाडलें. तेथे आतां पांच मजले आहेत."

"जुना नमुना?"

"टाकला असेल कोणी."

"मग?"

"माझी बायको."

वेंकटरमण हसले. वाईट हसले नाहीत, गुरूंना हसावं तसंच हसले. "सर, तुम्ही दमलात. जेवून जरा पडा. असं छापता येत नाही. पद्धत लिहावी लागते, प्रमाण लिहावं लागतं. काय घातलं, किती घातलं, कितीदा घातलं. हे मलाच तुम्ही शिकवलंत."

फोन बंद झाला. आपण खरं सांगतोय आणि समोरचा आपल्याला प्रेमाने झोपायला सांगतोय, हा अनुभव रघुरामरावांना नवा होता. समोर बसलेली मुलगी तीन आठवडे हेच सोसत होती, हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि ते अजिबात सुखाचं नव्हतं.

"नऊ दिवस आहेत तुझे," ते रुचाला म्हणाले. "उद्यां सही घेऊन मोकळी हो, मी काही म्हणणार नाहीं. खरेंच म्हणणार नाहीं. नाहीं तर किनाऱ्याची वाळू घे, तींत जुनें कुजलेलें शेण कालव. हिने घातलें त्या प्रमाणांत. मग लाव बाटल्या. पॉइंट चारची वाळू दोन पॉइंट एकवर गेली तर त्याचा बाप सही करील."

"आणि नाही गेली तर, सर?"

"तर तुझी सही गेली. माझें तर आजच गेलें आहे."

रुचा बसून राहिली. तिने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा आपल्या उष्ट्या हाताकडे. मग उठून हात धुऊन आली, पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेनचं टोपण काढलं.

"प्रमाण काय होतं, मामी?"

कनकाबाई पानं गोळा करत होत्या.

"मज नाहीं आठवत."

"असें कसें?" रघुरामराव म्हणाले. "आतां एवढें सांगत होतीस."

"खड्डा करतांना विचारलें होतेंत? तेव्हां नाहीं विचारलें, मग मज आतां आठवत नाहीं." त्यांनी ताटं एकावर एक रचली आणि त्या आत निघून गेल्या. आत भांडी अशी वाजू लागली की त्यातल्या प्रत्येक भांड्याला काहीतरी म्हणायचं होतं.

रघुरामरावांनी रुचाकडे पाहिलं, रुचाने वहीकडे. ते उठले. हात धुवायचे राहिले होते, तसेच स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत जायची त्यांना सवय नव्हती. चौकटीला उजवा खांदा टेकून ते उभे राहिले. परकी मुलगी ऐकते आहे, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी आवाज काही केल्या खाली येईना, कारण त्यांना तो कधी खाली आणता आलाच नव्हता.

"कनका," ते म्हणाले, "तुझा कोलम मी मोडला. विचारायला हवें होतें. दारांत काय आहे तें मी बघितलेंच नाहीं. चूक माझी."

आत नळ चालू होता. तो बराच वेळ चालू राहिला. मग बंद झाला.

"एका बालदीला दोन मुठी," आतून आवाज आला. "मार्गळींत तीन. ताजी साणी नव्हे, आदल्या दिवसाची."

"दोन मुठी," रघुरामरावांनी मागे वळून रुचाला सांगितलं. "लिही."

"कोणाच्या मुठी लिहितांय?" कनकाबाई त्यांना बाजूला सारून बाहेर आल्या. "तुमच्या नव्हेत."

टेबलापाशी येऊन त्यांनी पदराने जागा पुसली, ओल्या हाताची मूठ वळली आणि रुचाच्या वहीशेजारी ठेवली.

"माप घे," त्या म्हणाल्या.